पिवळ्यात पिवळी

नर्सनं बजावलंय, पंधरा दिवस वाकायचं नाही,
शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं.
म्हणून हे कोचावर, उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी,
आणि मी, हॅलिफॅक्सच्या या घरात एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा,
टीव्हीच्या मागे.

नवा टीव्ही घेऊन आलेली पोरं
तो स्टँडवर ठेवून, सही घेऊन, उतारावरच्या व्हॅनकडे पळाली.
जुन्या व्हिडिओचं काय, विचारलं, तर एकमेकांकडे बघून हसली,
मी जात्याला टाकी लावून मागितल्यासारखी.

इथं मागे वेगळंच गाव आहे.
धूळ मऊ, बोट बुडेल इतकी.
एक डॉमिनो, दोन पेन्सचं नाणं,
मिसेस ॲक्रॉइडचं नाताळचं कार्ड, पाकीट बंदच.
म्हणजे तिनं पाठवलं होतं,
आणि मी उगीच दोन वर्षं कपडे वाळत घालताना मान वळवत होते.
बाकी वायरी.
प्रत्येकीच्या गळ्यात हॉस्पिटलातून आणलेली चिकटपट्टी,
तिच्यावर ह्यांचं अक्षर,
औषधाच्या चिठ्ठीवर कधी नव्हतं इतकं सुवाच्य:
येणारी. जाणारी. हिला हलवू नये.
एकीवर नुसतंच: असू दे.

"पिवळी पिवळ्यात," कोचावरून हुकूम.
पिवळं भोकच नाही. हिरवं आहे, त्याला पिवळी कड.
"असं कसं? पिवळं असतंच."
तुमच्या वेळी असेल.
"बरं, हिरव्यात घाल. पांढरी पांढऱ्यात. तांबडी—"
तांबडीचा दात तुटलाय.
"दात नव्हे, पिन."
तुटलीय ना पण.

स्कार्टचा तो रुंद जबडा, एकवीस पिनांचा (बघा, शिकले),
व्हिडिओच्या पाठीत बसवताना अंगठ्याचं नख गेलं.
त्याच्या बगलेत इवलंसं बटण, आत की बाहेर.
"बाहेर कर. चित्र व्हिडिओतून बाहेर येतं, टीव्हीत आत जातं."
म्हणजे इथलं बाहेर ते तिथलं आत.
हे मला तेव्हा कुणीतरी
विमानतळावरच्या रांगेत समजवायला हवं होतं.

टेप कुठली घालू?
"नाव नसलेली घाल. चालतंय का तेवढंच बघायचंय."

खर्र. मग सूं. मग काहीच नाही.
"आलं, आलं! पण काळंपांढरं दिसतंय."
डोळ्याला वाटी आहे तुमच्या.
"दुसऱ्यानं बघतोय. आणि आवाज डावीकडूनच येतोय."
या घरात आवाज पहिल्यापासून एकाच बाजूनं येतो,
मी धुळीला सांगते.

तेवढ्यात पलीकडून एक बाई बोलते.
टीव्हीच्या कोमट पाठीला माझा कान,
बाई म्हणते, इस्त्री करत राहू की थांबू?
चालू आहे का हो ते?
अहो, सांगा ना, चालू आहे का?
आवाज पातळ, घाईचा,
रत्नागिरीचा हेल अजून न पुसलेला.
कोण ही?
मग इस्त्रीची वाफ, फुस्स,
तिच्यावरून ओळखलं.

तिला कुणीच उत्तर देत नाही.
हे कॅमेऱ्यामागे असणार,
तेव्हाही कशाच्या तरी मागेच.
कोचावरूनही आता हुकूम नाही.
चार वाजलेत, खिडकी काळी झालीय,
कुणीतरी कचऱ्याचा डबा उतारावरून गडगडत नेतंय.

चालू आहे का? मी विचारते,
आणि जीभ चावते.

"अं? हो. काही हलवू नकोस."
मग बऱ्याच वेळानं,
"बाहेर ये. तू दिसतेयस."

माझ्या हातात अजून ती 'असू दे'वाली वायर,
एक टोक कशात तरी खोचलेलं, दुसरं मोकळं.
तिला भिंतीशी होती तशी ठेवते
आणि गुडघा धरून उठते.